अडखळत्या पावलांचा अभ्यासक : डॉ. किनियर विल्सन

मोठ्या माणसांची नावे कुठे कुठे राहतात? कुणाचे नाव रस्त्याला दिले जाते, कुणाचे धरणाला, कुणाचे शाळेला. ज्यांचे नाव एखाद्या रोगाला चिकटून राहिले अशीही काही माणसे आहेत. पार्किन्सन हे त्यांतले आपल्या परिचयाचे नाव. डॉ. विल्सन हे त्याच पंक्तीतले दुसरे. जगभरच्या डॉक्टरांना हे नाव रोज लागते, पण आपल्यासारख्या सामान्य वाचकाला त्याची ओळख नसते. ही ओळख करून देण्याचा हा एक छोटासा प्रयत्न.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु मानसशास्त्राच्या पुस्तकात मेंदूची आकृती पाहताना हे नाव भेटले आणि त्याच्या मागे लागावेसे वाटले. शोधता शोधता कळले, की हे डॉक्टरही आधी कला शाखेचेच पदवीधर होते! मग थोडा धीर आला.

सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांचा जन्म ६ डिसेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील मूळचे आयर्लंडचे. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलगा पाळण्यात असतानाच वडील वारले. परक्या मुलखात विधवा बाईने काय करायचे? आई मुलांना घेऊन समुद्र ओलांडून स्कॉटलंडला, एडिंबरो शहरी आली. बापाविना वाढलेल्या मुलाचे दुःख आपल्याकडे घरोघर माहीत आहे. अशा घरात शिक्षण पहिल्यांदा सुटते. इथे मात्र ते सुटले नाही. एडिंबरोच्या जॉर्ज वॉटसन कॉलेज या शाळेत आणि पुढे तिथल्याच विद्यापीठात विल्सन शिकले. प्रथम कला शाखेची एम.ए. ही पदवी त्यांनी घेतली. नंतर ते वैद्यकाकडे वळले आणि १९०२ साली डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रात बी.एस्सी. झाले.

त्या काळी मेंदूच्या रोगांचे काशीक्षेत्र म्हणजे पॅरिस. तरुण विल्सन तिथे गेले आणि पिएर मारी व बाबिन्स्की या दोन थोर गुरूंच्या हाताखाली त्यांनी काम केले. तळपायावर टोकदार वस्तूने रेघ ओढून अंगठा वर जातो की खाली, हे डॉक्टर पाहतात. ती खूण याच बाबिन्स्कींची. तिथून ते काही काळ जर्मनीत लाइपझिगला गेले आणि १९०४ साली लंडनला आले. लंडनमधील क्वीन स्क्वेअर या चौकात मज्जासंस्थेच्या रोग्यांसाठी मोठे रुग्णालय आहे. गॉवर्स, ह्युलिंग्ज जॅक्सन, हॉर्स्ली अशी मातब्बर मंडळी त्याच्याशी निगडित होती. विल्सन या रुग्णालयात रुजू झाले आणि जन्मभर तिथलेच झाले.

या रुग्णालयात त्यांच्यासमोर काही तरुण रोगी आले. आजार मोठा चमत्कारिक होता. काल-परवापर्यंत धडधाकट असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे हात कापू लागत. लिहिताना अक्षर वेडेवाकडे येई. हळूहळू बोलणे जड होई, शब्द तोंडातच विरघळून जात. हातापायांचे स्नायू ताठ होत. चालताना पाय अडखळे. गिळताना ठसका लागे, तोंडातून लाळ गळे. चेहऱ्यावर एक विचित्र हसू गोठून राही. काही वेळा मूल कारण नसताना हसे किंवा रडे. काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत, ते अंथरुणाला खिळे आणि शेवटी दगावे. एकाच घरात दोन-दोन भावंडांना हा आजार होई. म्हणून त्या घराला शाप आहे असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले असेल, तर नवल नाही.

विल्सन यांनी काय केले? त्यांनी पाहिले. हे उत्तर फार साधे वाटेल, पण त्यांचे सारे मोठेपण त्या पाहण्यात आहे. त्यांनी असे चार रोगी बारकाईने तपासले. या मुलांना लकवा नव्हता, म्हणजे हातापायांतील शक्ती गेलेली नव्हती. स्पर्श कळत होता. तळपायाची खूणही बहुधा नेहमीसारखीच येत होती. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणारी मुख्य वाट शाबूत होती, तरीही हालचाल बिघडलेली होती. मग बिघाड कुठे होता?

रोगी दगावल्यावर शवविच्छेदन झाले, तेव्हा उत्तर मिळाले. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना खोलवर, मसुराच्या दाण्यासारख्या आकाराचा एक भाग असतो. तो दोन्हीकडे सारखाच झिजलेला, काही ठिकाणी पोकळ झालेला होता. आणि दुसरी गोष्ट त्याहून आश्चर्याची. रोग मेंदूचा, परंतु यकृत पाहावे तर ते आक्रसलेले, गाठीगाठींचे, दारूच्या व्यसनाने म्हाताऱ्या माणसाचे होते तसे! ज्या पोराने दारूचा थेंबही घेतला नाही त्याचे यकृत असे कसे झाले? मेंदू कुठे आणि यकृत कुठे! दोघांचा संबंध काय?

या साऱ्यावर विल्सन यांनी आपला एम.डी.चा प्रबंध लिहिला. १९११ साली एडिंबरो विद्यापीठाने त्याला सुवर्णपदक दिले. १९१२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात तो विस्ताराने छापला गेला. त्याची पाने दोनशेच्या वर होती. त्यात स्वतःच्या रोग्यांबरोबरच गॉवर्स आदी आधीच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या रोग्यांचीही त्यांनी नव्याने छाननी केली. असे रोगी आधीच्यांनीही पाहिले होते. परंतु मेंदूची झीज, यकृताचा बिघाड आणि एकाच घरातली भावंडे हे तिन्ही धागे एकत्र विणून हा एक स्वतंत्र रोग आहे असे विल्सन यांनी सिद्ध केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. हालचालींवर ताबा ठेवणारी, मुख्य वाटेहून निराळी अशी एक व्यवस्था मेंदूत असते, ही कल्पना या लेखनामुळे वैद्यकात रुजली. आज पार्किन्सनच्या रोगाचा विचार करतानाही डॉक्टरांना ही कल्पना लागते.

थोर माणसांचे चरित्र लिहिताना त्यांच्या चुका झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला पटत नाही, कारण विल्सन यांच्या चुकांमधूनही पुष्कळ शिकण्यासारखे आहे. या रोगात डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडे दिसते. जर्मनीतील कायझर आणि फ्लायशर या डॉक्टरांनी ते १९०२ आणि १९०३ साली नोंदवलेही होते. विल्सन यांच्या चाणाक्ष नजरेतून मात्र ते निसटले. हा रोग एकाच घरातल्या भावंडांना होतो हे त्यांनी हेरले, पण तो आईबापांकडून वारशाने येतो हे त्यांनी मानले नाही. आजारी यकृतातून एखादे विष तयार होऊन मेंदूला बाधत असावे, असा त्यांचा तर्क होता. विष असावे, हे त्यांनी बरोबर ओळखले. ते कोणते, हे मात्र त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

पुढे त्यांची कीर्ती वाढत गेली. क्वीन स्क्वेअरबरोबरच किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्येही ते काम करीत. १९२० साली त्यांनी मज्जाविकार आणि मनोविकार या विषयांचे नियतकालिक सुरू केले. ते नाव बदलून आजही चालू आहे. अपस्मार, झोपेचे विकार, आवरता न येणारे हसू आणि रडू अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. शिक्षक म्हणून त्यांचा दबदबा मोठा होता. रोग्याची चाल, थरथर, बोलणे हे पुस्तकातून कळत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते, म्हणून १९२०च्या दशकात त्यांनी चक्क चित्रपटाच्या कॅमेऱ्याने रोग्यांच्या हालचाली टिपून ठेवल्या. सिनेमा अजून मुका होता, त्या काळातली ही गोष्ट! ती चित्रफीत आजही जपलेली आहे.

१२ मे १९३७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. मज्जासंस्थेच्या रोगांवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ तेव्हा अपुरा होता. त्यांचे मेहुणे डॉ. निनियन ब्रूस यांनी तो संपादित केला आणि १९४० साली तो दोन खंडांत प्रसिद्ध झाला. विल्सन गेले, तेव्हा त्यांच्या नावाच्या रोगावर एकही औषध नव्हते. रोग ओळखता येत होता, पण रोगी वाचत नव्हता.

वाचकहो, चरित्र इथे संपते, परंतु कथा इथे संपत नाही. विल्सन यांनी सोडलेले कोडे इतरांनी हाती घेतले. ते विष म्हणजे आपल्या ओळखीचे तांबे निघाले! १९१३ सालीच एका रोग्याच्या यकृतात तांबे जास्त आढळले होते, पण तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९४८ साली क्वीन स्क्वेअरमधल्याच डॉ. कमिंग्ज यांनी रोग्यांच्या यकृतात आणि मेंदूत तांबे साठलेले असते हे पक्के दाखवले. आपल्या रोजच्या अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. शरीराला ते थोडेसे लागतेही. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या रोगात यकृताला ते काम जमत नाही. मग तांबे आधी यकृतात साठते, तिथून रक्तात उतरते आणि मेंदूत व डोळ्यात जाऊन बसते. डोळ्यातले ते हिरवट-तपकिरी कडे म्हणजे साठलेले तांबेच.

तांबे बाहेर काढायचे कसे? १९५१ साली इंजेक्शनाने देण्याचे एक औषध वापरून पाहिले गेले. त्याने गुण येई, पण सुया फार दुखत. १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तोंडाने घेण्याचे औषध आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. रोग्याला देण्यापूर्वी वॉल्श यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. पुढे ट्रायएंटीन आले, जस्ताच्या गोळ्या आल्या. जस्तामुळे अन्नातले तांबे आतड्यातच अडते. यकृत अगदीच निकामी झाले, तर यकृत बदलण्याची शस्त्रक्रियाही आता होते. १९९३ साली या रोगाचे जनुकही सापडले. मेंदूच्या वारशाने येणाऱ्या रोगांपैकी फार थोड्यांवर उपाय आहे. त्या थोड्यांत हा एक आहे. वेळेवर कळला, तर मूल शाळेत जाते, मोठे होते, संसार करते. मात्र औषध जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच बंद केले तर जिवावर बेतते.

हे सारे लंडन-अमेरिकेचे झाले. आपल्याकडे काय? मुंबईच्या डॉ. दस्तूर, डॉ. मंघानी आणि डॉ. वाडिया यांनी १९६८ साली भारतातील १६ कुटुंबांमधील विल्सनच्या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हा रोग गोऱ्या लोकांचा, आपला नव्हे, असे म्हणायला जागा नाही. साधारणपणे तीस हजारांत एकाला तो होतो असे मानतात. आपल्या नगर जिल्ह्याची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर होती. हिशेब ज्याचा त्याने करावा. एखाद्या वाडीवर, एखाद्या वस्तीवर हा रोग घेऊन कुणीतरी बसलेले असणार, आणि रोगाचे नावही त्या घराला ठाऊक नसणार.

आमच्या गावाकडे एक मुलगा होता. आठवीत असताना त्याचे हात कापू लागले, वही वाचता येईनाशी झाली. मास्तर म्हणाले, लक्ष नाही. घरचे म्हणाले, नजर लागली. देवऋषी झाला, अंगारा झाला, लिंबू उतरवून झाले, कोंबडेही झाले. दीड वर्ष असेच गेले. त्याला कोणता रोग होता हे मी सांगू शकत नाही, कारण त्याला कुणी तपासलेच नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या दीड वर्षात एकदा तरी कुणी त्याच्या डोळ्यांत दिवा धरून पाहायला हवे होते. पुढे त्याने शाळा सोडली. त्याच्याबरोबरची आम्ही मुले कॉलेजात आलो.

इथे आपल्या दोन चालीरीतींचा विचार करावासा वाटतो. पहिली म्हणजे नात्यातले लग्न. या रोगाचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, फक्त तो दोष पुढे नेतो. असे दोघे जण एकत्र आले, तर प्रत्येक मुलामागे चारांत एक वेळा रोगाची शक्यता असते. एरवी असे दोघे एकत्र येणे विरळा. परंतु मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मामा-भाच्यांचे रक्त एकच, त्यामुळे तोच दोष दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. जमीन घरात राहते, माणसे ओळखीची असतात, म्हणून ही लग्ने होतात हे मी जाणतो. कुणाच्या आईबापांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या घरात असा एक रोगी निघाला, त्या घरातल्या सगळ्या भावंडांची तपासणी झालीच पाहिजे. लक्षणे दिसण्याआधी औषध सुरू झाले तर रोग अंगावर येतच नाही. एका भावाच्या आजारातून दुसऱ्याचा जीव वाचू शकतो.

दुसरी गोष्ट तांब्या-पितळेच्या भांड्यांची. इथे घोटाळा होऊ नये. विल्सनचा रोग भांड्यांमुळे होत नाही, तो जन्मतःच असतो. ज्याला तो आहे त्याने तांब्यातले पाणी टाळावे, इतकेच. परंतु आपल्या भागात तान्ह्या मुलांना यकृताचा एक वेगळाच रोग होई. त्यात पोट फुगून मुले दगावत, आणि त्यांच्या यकृतातही तांबे बेसुमार सापडे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह याचा माग काढला. १९८३ साली त्यांनी दाखवून दिले, की पितळेच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले जनावराचे दूध तान्ह्या वयात पाजणे हे त्याचे कारण असावे. पितळेत तांबे असते, आणि कल्हई उडाली की ते दुधात उतरते. भांडी बदलली, घरोघर स्टील आले, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी देत गल्लीत येणारा माणूस किती महत्त्वाचे काम करीत होता, हे आता ध्यानात येते.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करायचे? आपण डॉक्टर नाही. परंतु सुट्टीत आपण गावी जातो, कुणी पुढे शिक्षक होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी तलाठी. शाळेत चांगले चालणाऱ्या मुलाचे अक्षर एकाएकी बिघडले, बोलणे जड झाले, हात थरथरू लागले, स्वभाव पालटला किंवा लहान वयात कारण नसताना पुन्हा पुन्हा कावीळ झाली, तर त्याला आळशी म्हणू नये, वेडा म्हणू नये. त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीसारख्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांकडे न्यावे, असे घरच्यांना सांगावे. रक्ताची आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या यंत्रातून बुबुळाची पाहणी, इथून सुरुवात होते. सगळ्यांनाच विल्सनचा रोग निघणार नाही, फारच थोड्यांना निघेल. पण ज्या एकाला निघेल त्याचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असेल. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याचे काम कायदा करील. शेजारच्या घरात जाऊन दोन शब्द सांगण्याचे काम मात्र आपलेच आहे.

डॉ. विल्सन यांनी एकाही रोग्याला बरे केले नाही, तसे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तरी आज या रोगातून वाचणारे प्रत्येक मूल त्यांचे ऋणी आहे. ज्या पोरांकडे लोक भीतीने किंवा कीव म्हणून पाहत, त्यांच्याकडे त्यांनी शांतपणे आणि नीट पाहिले, आणि पाहिले ते लिहून ठेवले. त्यातल्या चुका पुढच्यांनी दुरुस्त केल्या, कारण दुरुस्त करायला काहीतरी लिहिलेले होते. वडिलांविना वाढलेल्या, आधी कला शाखेत शिकलेल्या एका मुलाने केलेले हे काम आहे. आपल्या वर्गातल्या बाकांवरून अशी माणसे निघणारच नाहीत, असे कुणी समजू नये.

— द्वितीय वर्ष, कला